टिकल्या लावलेला कॉम्प्युटर

मी बँकेत कारकून होतो आणि युनियनचा माणूस होतो. ऐंशीच्या दशकात या दोन्हींचा मिळून एकच अर्थ व्हायचा: कॉम्प्युटर दिसला की घोषणा द्यायची. छातीला काळी फीत लावून मी कित्येक दुपारी बँकेच्या दारात उभा राहिलो आहे. चार माणसांच्या पोटावर पाय देणारं यंत्र, असं मी भाषणात म्हणायचो आणि ते मला मनापासून पटलेलं असायचं.

आणि माझ्याच धाकट्या भावाने ते यंत्र घरात आणलं.

मुलुंड पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर आमची दोन खोल्यांची जागा. वडील विक्रोळीच्या एका कारखान्यात होते, ते वारल्यावर आई, मी आणि धाकटा उरलो. माझं लग्न व्हायचं होतं. धाकट्याने अंधेरीच्या एका कंपनीतून जुने भाग मिळवले, कुणा मित्राकडून टीव्हीसारखा पडदा आणला, आणि खिडकीजवळच्या टेबलावर महिनाभर खपून ती वस्तू उभी केली. मी तिला डबा म्हणायचो. कॉम्प्युटर हा शब्द घरात उच्चारायला माझी जीभ वळत नव्हती.

एका रविवारी युनियनची चार माणसं घरी आली आणि डबा बघून एकमेकांकडे बघू लागली. माझी कानशिलं तापली. ते गेल्यावर मी धाकट्याला म्हणालो, "या घरात एक तर हा डबा राहील, नाहीतर मी." तो शांतपणे म्हणाला, "तुम्ही दोघंही राहा ना दादा. मीच जातो." मला वाटलं, चार दिवसांनी येईल. त्याने अंधेरीला एका खोलीत भाड्याने कॉट घेतली आणि दोन वर्षं तो आला नाही. मुलुंडहून अंधेरीला दोन बस बदलून दीड तासात पोचता येत होतं. आई म्हणायची, जाऊन घेऊन ये. मी म्हणायचो, त्याला पाय आहेत. सुंभ जळालं तरी पीळ जात नाही म्हणतात, माझं तर सुंभसुद्धा धड जळलेलं नव्हतं.

जाताना त्याने आईला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. पहिली अशी, की डब्याच्या आत एक तबकडी फिरते आणि तिच्यावर ग्रामोफोनसारखी एक सुई असते. डबा हलवायचा असेल तर आधी सुई बाजूला न्यायची, नाहीतर ती तबकडीवर आपटते आणि सगळं पुसलं जातं. त्यासाठी इंग्रजीत पार्क असं टाइप करायचं. आईला इंग्रजी येत नव्हतं. वडील गेल्यापासून तिच्या टिकल्यांचं पाकीट कपाटात तसंच पडून होतं. त्यातल्या चार टिकल्या त्याने चार बटणांवर चिकटवल्या, लाल, हिरवी, काळी, जांभळी, आणि त्याच क्रमाने दाबायला शिकवलं. दर शनिवारी टेबल पुसण्याआधी आई चार टिकल्या दाबायची, मग मोठं बटण, मग लाल स्विच बंद करायची, आणि मगच डबा सरकवायची. देवघरातला देव हलवतानाही ती इतकी जपत नसे.

दुसरी गोष्ट त्याने अशी सांगितली, "आये, ह्यो बिघाडलो तर कोणाक हात लावूक देव नको. माका बोलाव, मी येतंय." तो आईशी मालवणीत बोलायचा. मी शहरी मराठीत बोलायचो, मला वाटायचं तेच शोभतं.

आणखी एक गोष्ट त्याने सांगितली नव्हती, नुसती करून ठेवली होती. डबा चालू केला की घरघर व्हायची, टुक असा आवाज यायचा आणि काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत एक ओळ उमटायची. अक्षरं इंग्रजी, पण बोल आमचे: "आये, जेवलंस?" आईला ती ओळ वाचता येत नव्हती, पण आकाराने पाठ होती. रोज दुपारी जेवण झालं, भांडी आवरली की ती लाल स्विच दाबायची, ओळ येईपर्यंत थांबायची, "जेवलंय रे," म्हणायची, आणि बंद करायची. सुट्टीच्या दिवशी मी हे पाहायचो आणि वर्तमानपत्र वर करायचो. मला राग यायचा. कशाचा ते तेव्हा सांगता आलं नसतं, आता येतं. घरात रोज समोर असून मी तिला ते कधी विचारलं नव्हतं.

एका सोमवारी बँकेतून आलो तर आई भिंतीला टेकून बसलेली. "बंद पडलो," ती म्हणाली. "त्येका बोलव."

मी चप्पलसुद्धा न काढता डबा चालू केला. पंखा फिरला, आतून कुणीतरी नखाने पत्रा खरवडावा तसा आवाज आला, आणि पडद्यावर ओळीच्या जागी चार आकडे आले: १७०१. बस. पुढे काही नाही. बंद करून पुन्हा चालू केला. पुन्हा तेच. मी आकडे कागदावर उतरवून घेतले, जणू उद्या बँकेत साहेबांसमोर ठेवणार होतो.

"त्येका बोलव," आई पुन्हा म्हणाली.

"एवढ्यासाठी? प्लग सैल असेल."

प्लग सैल नव्हता. मंगळवारी मी फ्यूज बदलला, स्टॅबिलायझर शेजाऱ्यांकडून आणून लावला. शेजारी म्हणाले, ओल धरली असेल, ऊन दाखवा. मग डबा खिडकीत उन्हात ठेवला, पापड ठेवतात तसा. बुधवारी टीव्ही दुरुस्त करणारा आला, त्याने मागून फुंकर मारली, टपली मारली, आणि "साहेब, ये अपना आयटम नहीं है," म्हणून चहा पिऊन गेला. त्या संध्याकाळी मीच स्क्रू काढले. स्क्रू आईच्या स्टीलच्या ताटात ओळीने मांडले. आत हिरव्या पाट्या, चपट्या वायरी आणि धूळ. दोन वर्षं ज्याच्यावर भाषणं ठोकली त्याच्या पोटात मी पहिल्यांदा बघत होतो आणि मला ओ की ठो कळत नव्हतं. धूळ पुसली, वायरी दाबल्या, झाकण लावलं. ताटात एक स्क्रू उरला. पडद्यावर १७०१.

आई माझ्या मागे उभी होती. "तू कित्या हात लावतंस? तो म्हणालो होतो, माकाच बोलाव म्हणान."

गुरुवारी माझा नाइलाज झाला. तळमजल्यावर डॉक्टरांकडे फोन होता. आईचे गुडघे तीन जिने उतरण्यासारखे राहिले नव्हते, म्हणून मी एकटाच गेलो. जाताना तिने मला दारात थांबवलं. "त्येका सांग, आवस बोलावता." मी मान हलवली.

कंपनीत फोन लावला, कुणीतरी त्याला बोलावून आणलं. दोन वर्षांनी त्याचा आवाज ऐकत होतो. मी माझा नेहमीचा चढा आवाज काढला.

"तुझा डबा बंद पडलाय."

"काय होतंय?"

"ते मला काय माहीत. न्यायचा असेल तर ने, नाहीतर मी भंगारात देतो."

तिकडे थोडा वेळ टाइपरायटरचा आवाज येत राहिला. मग तो म्हणाला, "दे. तसली मशीनं आता कुणी ठेवत नाही." आणि त्याने फोन ठेवला.

मी आईचं नाव घेतलंच नव्हतं. जिना चढताना प्रत्येक मजल्यावर मी थांबलो, परत खाली जावं असं वाटलं, आणि गेलो नाही. त्याने फोन ठेवला होता, मग मी कशाला पुन्हा करू? एवढा हिशेब मला त्या जिन्यात सुचला.

"सांगलंस मां, मी बोलावलंय म्हणान?" आईने दारातच विचारलं.

"सांगितलं. रविवारी येतो म्हणाला."

हे वाक्य तोंडातून कसं गेलं मला कळलं नाही. आईचा चेहरा असा उजळला की ते परत घेणं शक्य नव्हतं.

आता रविवारच्या आत डबा चालू होणं भाग होतं. ओळ पुन्हा उमटली असती, तर तो नाही आला तरी काहीतरी सावरता आलं असतं, असं मी स्वतःला समजावत होतो. अडला हरी गाढवाचे पाय धरी, तसा मी शुक्रवारी बँकेत यंत्रांच्या इंजिनियरकडे गेलो. बँकेत नवीन दोन मशीनं आली होती. आम्ही त्यांच्याशी असहकार पुकारला होता आणि या माणसाशी कुणी चहाही घेत नव्हतं. कॅन्टीनच्या मागे मी त्याला गाठलं आणि हात जोडले. तो भला होता. उपहासाचा एक शब्द न बोलता शनिवारी दुपारी घरी आला.

त्याने झाकण उघडलं, कान लावून ऐकलं, एक फ्लॉपी घालून काहीतरी पाहिलं. मग मला म्हणाला, "डिस्क गेली, आतली तबकडी. आतला डेटा काही परत मिळणार नाही. चालू असताना कुणी हलवलं होतं का? जोरात?"

"कुणी नाही," मी म्हणालो. "आई तर पार्क केल्याशिवाय फडकंसुद्धा लावत नाही." मी टिकल्या दाखवल्या. त्याने त्यांच्याकडे बघितलं, मग आईकडे बघितलं, आणि हत्यारं गोळा करून चहा न घेताच निघाला.

दार लागल्यावर आई म्हणाली, "मीच हलवलंय."

मला वाटलं, चुकून.

"चालू आसताना. ओळ इली, मी त्येका जेवलंय म्हणान सांगलंय, आणि मगे एका बाजून उचललंय आणि सोडलंय. दोनदा."

"का पण?"

"बिघाडलो की येतंय म्हणालो होतो ना तो." ती टेबलाशी गेली, टिकल्यांवरून पदराने पुसलं. "दोन वर्सां झाली. बिघडाचो नाय, आणि तो येवचो नाय. तू बोलवचंस नाय." मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "उद्या येतलो मां?"

  येण्यासाठी त्याने तिच्यापाशी एवढं एकच कारण ठेवलं होतं, आणि ते वापरायला तिने त्याचा रोजचा प्रश्न खर्च केला होता. सगळं नीट विचार करून केलं होतं तिने, फक्त फोन माझ्या हातात होता. त्या वेळी खरं बोललो असतो तर निदान तिचा रविवार वाचला असता. मी बाजारात जाऊन येतो म्हणालो आणि स्टेशनपर्यंत उगाच चालत राहिलो.

रविवारी तिने बांगड्याचं तिखलं केलं, त्याला आवडायचं ते. सोलकढी काढली. तीन ताटं मांडली. एक वाजला, दोन वाजले. मी खाली गेलो आणि डॉक्टरांना विचारून कंपनीचा नंबर फिरवला. रविवार होता. तिकडे घंटी वाजत राहिली. माझ्याकडे त्याचा दुसरा नंबर नव्हता, पत्ताही नव्हता. दोन वर्षांत मी तो मागितलाच नव्हता.

वर आलो तेव्हा आई टेबलाशी उभी होती. तिने लाल स्विच दाबला होता. पंखा फिरत होता, आत खरवडल्याचा आवाज येत होता, आणि काळ्या पडद्यावर ते चार आकडे होते.

"ह्या काय इचारता?" ती म्हणाली.

"जेवलीस का, विचारतोय," मी म्हणालो.

ती ओळ तिला आकाराने पाठ होती. चार आकड्यांनी ती फसणार नव्हती. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटतं, गुरुवारच्या फोनपासूनचं सगळं तिला तेव्हाच कळलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"मगे त्येका सांग," ती म्हणाली, "नाय जेवलंय म्हणान." स्विच बंद केला आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. ताटं मी झाकून ठेवली.

सोमवारी बँकेतून मी फोन केला आणि धाकट्याला सगळं सांगितलं. माझं खोटं, टिकल्या, दोनदा उचलून सोडलेला डबा. सांगताना आवाज फाटत होता, आजूबाजूचे कारकून बघत होते.  मग तो म्हणाला, "सुई एकदा आपटली की तबकडी गेली दादा. त्यात मी येऊनही काही होत नाही."

"मशीनचं नाही रे म्हणत मी."

"माहीत आहे." मग त्याने विचारलं, "काल जेवली का ती?"

तिने जे सांगायला सांगितलं होतं ते मी सांगितलं. नाही म्हणालो.

त्याने हळूच फोन ठेवला. तो आला नाही. पुढच्या रविवारी आईने तीन ताटं मांडली नाहीत, दोनच मांडली. माझं वाढून झाल्यावर मी पहिल्यांदा तिला विचारलं, "आई, तू जेवलीस का?" तिने ऐकलं नाही, किंवा तिला वाटलं असेल, आता हा कशाला विचारतोय. ती खिडकीजवळच्या टेबलावर शनिवारचं राहिलेलं फडकं मारत होती, आणि फडकं मारण्याआधी तिने चार टिकल्या दाबल्या.