धुरपदा चोर व्हायची

दौंडात कुत्र्याला वळण लावायचं म्हटलं की लोक मच्छिंद्र रणपिसे हवालदाराचं नाव घ्यायचे. उमेदीची सगळी वर्षं त्यानं लष्कराच्या श्वानपथकात काढलेली. पेन्शन घेऊन आला आणि बुद्धविहाराच्या मागं दोन खोल्या नि मोठं अंगण घेऊन बसला. रेल्वेतले ड्रायव्हर, गार्ड, नदीकाठचे बागायतदार आपापली कुत्री आणून त्याच्या अंगणात बांधायचे. दोन-तीन महिन्यांनी तेच कुत्रं शहाणं होऊन परत जायचं. धन्याच्या डाव्या गुडघ्याला लागून चालायचं, ‘बैठ’ म्हटलं की बसायचं, आणि परक्या माणसानं मटण जरी पुढं धरलं तरी तोंड फिरवायचं.

सगळं खरं. पण या धंद्यात एक चोर लागतो, ते कुणी बोलत नाही. परक्याच्या हातचं खाऊ नये हे कुत्र्याला कळायचं तर कुणीतरी परकं व्हायला पाहिजे ना! तिखटात घोळलेला तुकडा त्यानं पुढं धरायचा, तोंड पोळलं की कुत्र्याचा राग अंगावर घ्यायचा. हाताला पोतं गुंडाळून कुडावरनं यायचं आणि चावून घ्यायचं. लष्करात या कामाला शिपाई होते. दौंडात कोण होतं? बायको होती.

धुरपदा चोर व्हायची. तिनं कधी कुरकुर केली नाही, म्हणून तिला भीती वाटत नाही असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. नवऱ्यानंही. घरात आलेलं प्रत्येक कुत्रं हवालदाराच्या पायात लोळायचं आणि तिच्यावर गुरगुरायचं. कौतुक हवालदाराचं, दात तिला. आणि गंमत अशी की काम तिचं इतकं चोख, की एकदा तिनं शिकवलं म्हणजे त्या कुत्र्याला परक्या हातचा घास जन्मात गोड लागायचा नाही.

आणीबाणीच्या आदल्या वर्षी, दिवाळी झाल्यावर, घोड नदीकाठचे जयसिंगराव जीप घेऊन आले. जीपमध्ये बादल नावाचं अल्सेशियन, तोंडाला मुसकं. बादलनं जयसिंगरावांच्या धाकट्या भावाच्या, पोपटरावाच्या, हाताला चावा घेतला होता. कुत्रं जेवत असताना पोपटरावानं थट्टेनं त्याच्या थाळीत हात घातला होता. चूक कुणाची ते शेंबडं पोरही सांगेल, पण बेंबीभोवती इंजेक्शनं घ्यायची वेळ आली ती पोपटरावावर. ज्याचं जळतं त्याला कळतं. तेव्हापासून तो बादलच्या वाऱ्याला उभा राहत नव्हता, आणि त्यानं बंदूक पुसून ठेवली होती.

जयसिंगराव म्हणाले, “हवालदार, नाताळाच्या आधी रेल्वेच्या मैदानावर कुत्र्यांच्या शिस्तीची स्पर्धा हाय. तिथं चार लोकांपुढं ह्यो नीट वागला तर घरी नेतो. न्हाई वागला, तर पोपटला मी अडवायचा न्हाई. घरात लेकरं हायती.”

“जित्याची खोड हाय ती,” शेजारची कुशाबाई कुडापलीकडून म्हणाली. “मेल्याबिगर जायची न्हाई.” तिला कुणी विचारलं नव्हतं.

कुत्रं मुळात गुणी होतं. हवालदारानं त्याला चालणं, बसणं, थांबणं शिकवलं. धुरपदानं आपलं नेहमीचं चोरकाम केलं. बादल तिचा तुकडा हुंगायचासुद्धा बंद झाला, ती नुसती उंबऱ्यात आली तरी ओठ वर करायचा. सगळं कसं रांगेला लागलं, आणि स्पर्धा तोंडावर आली तेव्हा हवालदाराला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे पिवळे. उठून मोरीपर्यंत जाताना भिंत धरायचा, तो मैदानात कुत्रं काय फिरवणार!

“जयसिंगरावांस्नी सांगावा धाडतो,” तो खाटेवरून म्हणाला. “व्हायचं न्हाई म्हणून.”

“आन् मग?”

मग काय ते दोघांनाही ठाऊक होतं.

“मी नेते त्याला,” धुरपदा म्हणाली.

हवालदार हसायला लागला आणि खोकला. “तू? अगं, तुला बघितलं की त्यो फाडायला उठतोय.”

ते तिला सांगायला नको होतं. कुत्र्याला आपलंसं करायचं तर लोक काय करतात? भाकरी घालतात. तिला ती वाटच नव्हती. आपल्याच हातानं तिनं ती बुजवली होती, आणि आता उकरली असती तर सगळं शिकवलेलं वाया गेलं असतं. बरं, तीही एक बाईच. त्या दिवशी चुलीपुढं बसून तिला रडू आलं. एवढी वर्षं या धंद्यात घालवली, आणि आपल्याजवळ एक मुकं जनावर येत नाही, याचं तिला फार वाईट वाटलं.

मग तिनं गोधडी शिवायला काढली. बादलच्या साखळीच्या टप्प्याच्या जरा आत, त्याच्याकडं पाठ करून बसली. बोलली नाही, वळली नाही, घास दाखवला नाही. पहिल्या दिवशी तो गुरगुरून दमला. पाठीत दात आता येतो की मग येतो, असं होऊन तिचा टाका दर वेळी वाकडा पडला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी गुरगुर कमी झाली. पुढं एका दुपारी मागं नुसताच श्वास ऐकू आला, आणि मग तिच्या पाठीला ऊब लागली. बादल पाठीला पाठ लावून झोपला होता. धुरपदाची सुई थांबली ती थांबलीच. पायाला मुंग्या आल्या तरी ती हलली नाही.

हुकूम द्यायला ती नवऱ्यासारखा जाड आवाज काढायला गेली, तर खाटेवरून ओरडा आला, “घसा कशाला ताणतीस? तुझ्या आवाजात बोल की!” तिनं आपल्या आवाजात “चल बाबा” म्हटलं, आणि बादल डाव्या गुडघ्याला आला. कुशाबाईनं कुडावरून बघितलं आणि पहिल्यांदाच काही बोलली नाही.

स्पर्धेच्या दिवशी धुरपदा इस्तरीचं पातळ नेसून मैदानात उभी राहिली. बाकीचे सगळे बूटवाले पुरुष. बादल चालला, बसला, थांबला, हाकेला आला. परीक्षक पुण्याहून आलेले रिटायर मेजरसाहेब, ते मान डोलवत होते. शेवटची कसोटी परक्याच्या घासाची. कुत्र्यानं बसून राहायचं, सांभाळणाऱ्यानं लांब उभं राहून तोंड बंद ठेवायचं, आणि लोकांतल्या कुणीतरी येऊन मटणाचा तुकडा पुढं करायचा.

मेजरसाहेबांनी माणूस मागितला, आणि गर्दीतून पोपटराव बाहेर आला.

“पोपट, तू नगं,” जयसिंगराव म्हणाले.

“मलाच बघू द्या, आण्णा. उद्या घरात मला ऱ्हायचंय.”

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. त्यानं तुकडा घेतला आणि पुढं गेला. धुरपदानं त्याचा हात बघितला. मूठ आवळलेली, वरून खाली येणारी, मारायला उगारावी तशी. बादलचे कान मागं गेले, ओठ हलला. आता हा हात असाच पुढं गेला तर काय होणार ते तिला लख्ख कळलं. बोललं तर नंबर जातो. नाही बोललं तर कुत्रं जातं.

“दादा,” ती म्हणाली, “मूठ सोडा. तळवा उघडा, आन् खालनं न्या.”

“बाई, हुकूम द्यायचा नाही,” मेजरसाहेबांनी बजावलं.

“कुत्र्याशी न्हाई बोलत साहेब. माणसाशी बोलतीय.”

लोक हसले. पोपटराव हसला नाही. थंडीच्या दिवसांत त्याच्या कपाळावर घाम होता. “हात म्होरं जात न्हाई,” तो हळू म्हणाला.

“माझाबी जात न्हाई. रोज ह्येच काम करते, रोज भ्या वाटतं. वाटू द्या. श्वास सोडा, मग न्या.”

पोपटरावानं तिच्याकडं नीट बघितलं. त्याच्यावर या दिवसांत हसणारे पुष्कळ भेटले होते, मलाही भीती वाटते म्हणणारं कुणी भेटलं नव्हतं. त्यानं श्वास सोडला, बोटं उलगडली आणि तळवा खालून पुढं नेला. बादलचा ओठ खाली आला. तुकडा न हुंगताच त्यानं मान फिरवली आणि धुरपदाकडं बघत बसून राहिला. पोपटराव तिथंच मातीत बादलशेजारी बसला.

रिंगणात बोलल्याबद्दल मेजरसाहेबांनी नंबर दिला नाही. कप एका गार्डच्या कुत्र्याला गेला. जयसिंगराव तोंड पाडून म्हणाले, “एवढं केलं, तोंड तेवढं आवरायचं हुतं.”

“कप घेऊन काय चाटायचाय, आण्णा?” पोपटराव म्हणाला. “साखळी आणा हिकडं. त्याला घरी न्यायचंय.” आणि तो स्वतः बादलला जीपकडं घेऊन गेला. हात लांबलचक ताठ धरलेला, पण साखळी सोडली नाही.

घरी हवालदार खाटेवर वाट बघत होता. “नंबर?”

“गेला. रिंगणात बोलले.”

“रिंगणात?” त्याच्यातला हवालदार उठून बसला. “काय बोललीस?”

तिनं सगळं सांगितलं, न गाळता.

“रोज भ्या वाटतं?” तो म्हणाला.

“व्हय.”

“कवा बोलली न्हाईस.”

“तुमी कवा इचारलं?”

“म्होरलं कुत्रं आलं,” तो म्हणाला, “की पोतं मी बांधीन. हुकूम तू द्यायचे.”

धुरपदाला लई बरं वाटलं. तिनं तसं दाखवलं मात्र नाही. “आदी उसाचा रस घ्या,” ती म्हणाली. “मोरीपातुर जाता येईना, आन् चोर व्हायला निघालं.”