मिठाला तीन हात

"ज्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्या शेजारी बसून कांदे चिरा, रडायची लाज वाटत नाही," असं कंडक्टरबाई एकदा म्हणाल्या होत्या.

त्यांचा जन्म बसमध्ये उभ्यानं गेला. निवृत्तीनंतरही आवाज तोच. जिन्यात कुणी रेंगाळलं की मागून "पुढे सरका" यायचं. इमारतीत दाराला दोन-दोन कुलपं होती. त्यातल्या एका दारामागे एक म्हातारा मरून पडला, आणि शेजाऱ्यांना ते वासानं कळलं. वरच्या मजल्यावर बाईंची सख्खी जाऊ राहायची, घराच्या वाटणीवरून अबोला धरून. म्हाताऱ्याच्या त्या मरणानं बाईंचं डोकं फिरलं. तळमजल्यावरच्या रिकाम्या खोलीतलं भंगार त्यांनी स्वतः ओढून बाहेर काढलं, मोठी शेगडी मांडली आणि दर रविवारी सगळ्यांनी तिथे मिळून रांधायचं असं फर्मान काढलं. जो चिरणार नाही, तो जेवणार नाही. अंग चोरणाऱ्यांची सालं बटाट्यांच्या आधी निघायची.

जावेला त्यांनी मुद्दाम आपल्या शेजारी बसवलं. बरेच रविवार नुसत्या सुऱ्या वाजल्या. मग एकदा जाऊ पुटपुटली की एवढे जाड काप शिजायचे कधी. अबोला तिथे सुटला.

पण माणसं सुधारत नाहीत, दमतात. गाडी लावण्यावरून इमारतीतला औषधवाला आणि शिकवणीवाली शेजारीण यांचं वाजलं. जाऊ मिटवायला गेली आणि दोघांनाही नकोशी झाली. तिघंही रविवारी येत, पण एकमेकांकडे पाठ करून कामं उरकत. एका रविवारी कंडक्टरबाई ताटं आणायला वर गेल्या, तेवढ्यात तिघांनीही आपापल्या वेळी भाजीत मीठ घातलं. कुणी कुणाला विचारलं नाही. पहिल्या घासाला सगळी खोली पाण्याकडे धावली.

बाईंनी एकेकाला धरून विचारलं. तिघांनीही खालमानेनं कबूल केलं.

"मीठ घातलं का, एवढं विचारायला जीभ झडते तुमची?" बाई कडाडल्या. "एका पातेल्याशी उभे राहून मुके? उद्या मी मेले, तर पुन्हा वासाचीच वाट बघा."

त्यांचा मुलगा इमारतीचा सेक्रेटरी. त्यानं घसा साफ करून सांगितलं की पुढच्या रविवारपासून बाहेरून डबे येतील. पसारा नाही, भांडण नाही, ज्यानं त्यानं आपल्या घरी नेऊन खावं. बऱ्याच जणांशी त्याचं आधीच बोलणं झालं होतं.

"आई, तुझी बस कधीच डेपोत गेली. आता तरी उतर."

कुणीतरी फिस्सकन हसलं. बाईंनी मुलाकडे पाहिलंही नाही. त्या जावेकडे वळल्या.

"तू सांग. तुला डबा हवाय?"

जाऊ ताटात बोट फिरवत राहिली. "डबा बरा पडतो हो, ताई. भांडी घासायला नकोत."

बाईंच्या मानेच्या शिरा ताठरल्या. आता त्या इमारत डोक्यावर घेणार म्हणून सगळे अंग आकसून बसले. त्यांनी पातेलं दोन्ही हातांनी उचललं, खारट भाजी ओतून टाकली आणि नळाखाली बसून ते घासायला घेतलं. तळ खरवडल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मदतीला कुणी उठलं नाही. पातेलं पालथं घालून त्यांनी ओले हात झटकले आणि पाय आवरून घेणाऱ्या माणसांमधून वाट काढत, एकदाही "पुढे सरका" न म्हणता त्या बाहेर पडल्या.