दुसरी रेघ गडद झाली त्या दिवशी

लग्नाला चार वर्षं होत आली तरी आमच्यात नवरा-बायकोचा संबंध झालेला नव्हता. भांडण नव्हतं, नावड नव्हती. हे जवळ आले की माझं अंग आपोआप आखडून जायचं आणि असं दुखायचं की मला रडू फुटायचं. मग ते नुसते माझ्या डोक्यावर हात ठेवून पडून राहायचे. बाहेर मात्र सगळे एकच विचारायचे, कधी देताय गोड बातमी? सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. त्या दर सोमवारी माझी ओटी भरून घ्यायच्या आणि मी मान खाली घालून उभी राहायचे.

शेवटी साताऱ्याच्या एका डॉक्टरबाईंनी सांगितलं की हा आजार आहे, पुष्कळ बायकांना असतो, आणि तो बरा होतो. त्यांनी व्यायाम दिले. दोघांच्या तपासण्या करून घेतल्या, त्या चांगल्या आल्या. बाळासाठी थांबवत नसेल तर संबंधाशिवाय, नवऱ्याचं वीर्य सिरिंजने आत सोडून, घरीही करता येईल, म्हणाल्या. स्वच्छ वाटी, बिनसुईची सिरिंज, आणि बीज सुटायचा दिवस नेमका धरायचा. त्यासाठी लघवीत बुडवायच्या पट्ट्या होत्या. दुसरी रेघ पहिलीइतकी गडद झाली की त्या दिवशी नाहीतर फार तर दुसऱ्या दिवशी.

ऐकायला सोपं होतं. पण मी सासू-सासऱ्यांबरोबर फलटणजवळच्या खेड्यात तीन खोल्यांत राहत होते आणि हे महाबळेश्वरला दुसऱ्याची टॅक्सी चालवत होते. गावातला मेडिकलवाला सासऱ्यांच्या रोजच्या बैठकीतला, म्हणून पट्ट्या साताऱ्याहूनच आणायच्या आणि साडीच्या घडीत ठेवायच्या. न्हाणीत जरा जास्त वेळ लागला की आत्या बाहेरून हाक मारायच्या. फिकट रेघ बघितली की वाटायचं, उद्या. उद्या बघितली की वाटायचं, दिवस कालच तर होऊन गेला नसेल?

मे महिन्यात, ऐन सीझनमध्ये, एका सकाळी ती रेघ गडद झाली. मी न्हाणीतूनच फोन लावला. हे म्हणाले, गिऱ्हाईक घेऊन निघालोय, गाडी सोडून खाली आलो तर मालक दुसऱ्याला देईल. मग म्हणाले, "तूच ये वर."

आत्यांना दाढ दुखतेय म्हणून सांगितलं. जेवणाच्या डब्याच्या पिशवीत वाटी आणि सिरिंज ठेवली, वरून टॉवेल घातला, आणि वाईची एसटी धरली. वाईला गाडी बदलली. पसरणीच्या घाटात पुढे गाड्यांची रांग लागली आणि आमची एसटी उभीच राहिली. लोक उतरून फोटो काढत होते. शेजारच्या बाईंनी पिशवी वर ठेवू का विचारलं तर मी ती पोटाशी आणखी घट्ट धरली. गाडी हलेना तसं मला वाटायला लागलं की माझ्या आत काहीतरी चाललंय, ते संपत आलंय, आणि मी इथे दरीकडे बघत बसलेय.

वर पोचले तेव्हा दुपार कलत होती. ह्यांच्या खोलीत आणखी तीन ड्रायव्हर राहायचे. लॉज सगळे भरलेले, आणि रिकामं असतं तरी ज्या बाजारात प्रत्येक जण ह्यांना ओळखतो तिथे भरदिवसा बाईबरोबर खोली मागायची कशी? ह्यांनी घरमालकांना सांगून ठेवलं होतं, बायकोची तब्येत बरी नाही, जरा पडू द्या. घरमालक मुसलमान होते, त्यांचं चपलांचं दुकान पुढे आणि घर मागे. त्यांच्या बायकोला सगळे चाची म्हणायचे. चाचींनी स्वतःची खोली उघडली आणि पलंगावर धुतलेली चादर टाकली. माझ्या तोंडाकडे बघितलं आणि दार ओढून घेतलं.

हे वाटी घेऊन मोरीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मध्येच ह्यांचा फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. आले ते रिकामी वाटी घेऊन. पलंगाच्या कडेला बसले आणि म्हणाले, "न्हाई व्हायचं गं आज."

चार वर्षं मीच हे म्हणत आले होते. आज ते त्यांच्या तोंडून ऐकलं. राग आला नाही. उलट घाटापासून छातीत जे घट्ट धरून ठेवलं होतं ते जरा सुटलं. मी म्हटलं, "आवं, न्हाई तर न्हाई. बसा इथं." त्यांनी फोन बंद केला. संध्याकाळचं गिऱ्हाईक गेलं असणार, ते दोघांनाही ठाऊक होतं. मी डब्यातली भाकरी काढली. आम्ही खाल्ली आणि कुठल्या पाहुण्याने ह्यांच्या गाडीत ओकारी केली वगैरे बोलत बसलो. मग ते स्वतःच उठले आणि पुन्हा मोरीत गेले.

या वेळी जमलं. डॉक्टरबाईंनी सांगितल्याप्रमाणे वाटीतलं पातळ व्हायची वाट बघितली. सिरिंज ह्यांनीच भरून दिली आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. तेवढ्यात दारावर थाप पडली. कोणीतरी ह्यांना बोलवायला आलं होतं. आम्ही श्वास धरला. मग चाचींचा आवाज आला, "आजारी बाई झोपलीय आत. नंतर ये." पाठोपाठ बाहेर खुर्ची सरकवल्याचा आवाज झाला. मी कमरेखाली उशी घेऊन पडून होते तोवर चाची दारातच बसून होत्या.

त्या महिन्यात काही झालं नाही. पाळी आली तेव्हा मी गोठ्यात जाऊन रडले. पावसाळ्यात टॅक्सीचं काम थंडावल्यावर हे खाली आले. आत्या शेतात गेल्या की आम्ही दार लावून घ्यायचो. तरीही दोन महिने तसेच गेले. त्यानंतरच्या महिन्यात दिवस राहिले. नऊही महिने मी धास्तीतच काढले. मुलगी झाली. माझा आजार त्याच्याही नंतर, सावकाश, व्यायामांनी बरा झाला.

बारशानंतर आत्या सगळ्यांना सांगायच्या की सोमवारच्या ओटीचा गुण आला. मी कधी खोडून काढलं नाही. एकदा त्यांनी शेजारच्या सुनेला माझ्याकडे धाडलं, कुठला उपास केला ते विचारून ये म्हणून. ती पोरगी पदर बोटाला गुंडाळत बसली, वर बघेना. मी विचारलं, दुखतं का? ती हळूच म्हणाली, "व्हय."

मी उठून दार लावलं आणि तिला सगळं सांगितलं.