कर्णिकांचा नवा वजनकाटा

३ जानेवारी २०२४ रोजी उपेंद्र कर्णिकांनी तीनशे अठरा युरो पंचाहत्तर सेंट भरून एक डिजिटल वजनकाटा मागवला. काडतुसात भरायची पावडर तोलण्यासाठी. नेमबाजी क्लबच्या खोलीत त्याच कामाचा एक जुना दांडीचा काटा होता आणि तो सभासदांना फुकट वापरता येई. फुकट आहे, हाच कर्णिकांचा त्याच्यावरचा पहिला आक्षेप होता.

कर्णिक मूळचे नागपूरचे. एनिस या आयरिश गावाजवळच्या एका वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम त्यांच्याकडे होतं. कुणाच्या शब्दावर विसंबून माल पुढे सोडायचा नाही, याचाच त्यांना पगार मिळे; पण कारखान्यातून निघाल्यावरही तो स्वभाव काही गेटवर राहत नसे. दुकानात ते दूध नेहमी मागच्या रांगेतलं काढत. त्यांच्या पत्नी चित्राताई म्हणत, "माझ्या आईनं पाठवलेलं लोणचं चाखण्याआधी तुम्ही बाटली फिरवून तारीख शोधता. बाटली सॉसची आहे, तारीखही सॉसचीच आहे."

शिकारीचा नाद त्यांना उशिरा लागला. हरणं शेतकऱ्यांची रोपं खाऊन टाकतात म्हणून एक सहकारी परवाना काढून शिकारीला जाई, तो यांना एकदा क्लबवर घेऊन गेला. तिथे प्रत्येक गोष्टीला नियम होता. कर्णिकांना ते फार आवडलं.

त्यांची रायफल लिव्हरची होती. खालची लिव्हर पुढे ढकलून मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर पडायचं आणि नवं आत जायचं. त्या मापाच्या शंभर वर्षांच्या जुन्या रायफली लोकांच्या कपाटात अजून आहेत, म्हणून कंपन्या त्या मापाची बरीचशी काडतुसं बेताच्याच जोराची बनवतात. कर्णिकांची रायफल मात्र नवी आणि दणकट. तिला जास्त दाब झेपतो. असं जोरकस काडतूस हातानं भरायचं, तर पुस्तकात नव्या रायफलीसाठी दिलेली मर्यादा पाळायची आणि पावडर कणाकणानं तोलायची. हे घरी करता येत नाही. क्लबकडे त्याची परवानगी होती, वेगळी खोली होती, आणि खोलीवर डेक्लन नावाचा देखरेख्या होता.

डेक्लनचा एक दंडक होता. कुणीही कुठलाही काटा वापरो, दर दहावं माप क्लबच्या काट्यावर पुन्हा तोलून बघायचं.

"हा नियम सगळ्यांना आहे?" कर्णिकांनी विचारलं होतं.

"सगळ्यांना," डेक्लन म्हणाला.

कर्णिकांचा विश्वास बसला नाही. आपण बाहेरचे, म्हणून आपल्यावर पहारा आहे, असं त्यांनी मनाशी धरून ठेवलं.

काटा आल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी कडाक्याची थंडी होती. काटा विसरायला नको म्हणून कर्णिकांनी तो आदल्या संध्याकाळीच गाडीच्या डिकीत ठेवला होता. स्वोर्ड्स गावाहून सलील आला होता. सॉफ्टवेअरमधला, चाळिशीचा, कर्णिकांना दादा म्हणणारा. त्याच्याकडेही तशीच रायफल होती. दोघांनी निम्मे-निम्मे पैसे घालून पावडरचा डबा घ्यायचा ठरवलं होतं. आज तो सलीलनंच आणला होता. कर्णिकांनी तोलायचं आणि सलीलनं वर गोळी बसवायची, अशी वाटणी होती. या रायफलीत काडतुसं बॅरलखालच्या नळीत एकामागे एक बसतात आणि टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या बुडावरच्या स्फोटक टोपीवर आदळू शकते, म्हणून गोळ्या चपट्या टोकाच्याच हव्यात. कर्णिकांनी त्याही एकेक करून बोटानं चाचपल्या.

"दादा, कंपनीनं चपट्याच दिल्यात."

"कंपनीनं म्हणून तर बघतोय."

दहावं माप क्लबच्या काट्यावर गेलं. तो जास्त दाखवत होता. फरक थोडाच, चिमटीभरही नाही; पण इतक्या जोराच्या काडतुसात तेवढाही पुष्कळ. कर्णिकांनी एकदा जुन्या दांडीकडे पाहिलं, एकदा आपल्या काट्यावरच्या ताज्या प्रमाणपत्राच्या चिकटपट्टीकडे. मग त्यांनी खिशातून कारखान्यातला लाल टॅग काढला, त्यावर 'वापरू नका' असं इंग्रजीत लिहिलं आणि तो क्लबच्या काट्याला बांधला.

"त्याला सस्पेंड केलंत?" सलील हसू दाबत म्हणाला.

"त्याचं प्रमाणपत्र कुठाय?"

"डेक्लनला काय सांगायचं?"

"प्रमाणपत्र त्याचंही नाही."

डेक्लन बाहेर गोळीबाराच्या रेषेवर होता. सलीलला धीर नव्हता. तयार झालेली दहा काडतुसं घेऊन तो बाहेर पडला. "ग्रँड आहे सगळं, या तुम्ही निवांत," असं जाताजाता म्हणाला.

खोलीतला हीटर आता चांगला तापला होता. कर्णिकांनी चहा घेतला, पुढच्या मापाची वाटी काट्यावर ठेवलीच होती, तिच्याकडे सहज नजर गेली आणि ते थबकले. आकडा वाढला होता. वाटीला कुणी हात लावला नव्हता. की लावला होता? मघाशी डेक्लन किटलीसाठी आत येऊन गेला होता. कर्णिकांनी दाराकडे पाहिलं, वाटीभोवती सांडलेला कण शोधला. काही नव्हतं.

काट्याबरोबर पोलादी तपासणीचं वजन आलं होतं. प्रमाणपत्र असताना ते कशाला, म्हणून त्याचं पाकीटच उघडलं नव्हतं. आता त्यांनी वाटी उतरवली, काटा शून्यावर आणला आणि ते ठेवलं. आकडा तंतोतंत बरोबर आला. म्हणजे काटा आता खरं बोलत होता. मग सकाळी?

त्यांनी काट्याच्या पाठीला हात लावला. कोमट होती. सकाळी डिकीतून काढला तेव्हा हात चिकटेल इतका गार होता, आणि त्यांनी तो तसाच लावून कामाला सुरुवात केली होती. गार काटा कमी दाखवत होता. आणि तो कमी दाखवतोय म्हणून कर्णिक पावडर वाढवत गेले होते. दहाही काडतुसांत.

बाहेर एक बार झाला. नेहमीपेक्षा भारी. त्यानंतर दुसरा झाला नाही. तळव्यानं लोखंड ठोकल्याचा आवाज येऊ लागला.

धोका दिसला तर गोळीबार थांबवायला कुणीही सांगू शकतो, हा तिथला नियम. कर्णिक दारातूनच "थांबा!" म्हणून ओरडले. डेक्लननं तोच शब्द पुढे दिला आणि सगळ्यांनी हात बाजूला घेतले. सलील रायफलीच्या लिव्हरला ठोसे मारत होता.

"रुसलीय नुसती, दादा. सुटेल आत्ता."

"सोड ती. चेहरा बाजूला घे. दुसरं घालू नकोस."

डेक्लननं सावकाश लिव्हर मोकळी केली आणि नळी रिकामी केली. बाहेर आलेल्या पितळी खोळीची बुडाची टोपी दाबून सपाट झाली होती, म्हणजे आत दाब फार झाला होता. त्याच मापानं भरलेली आणखी तीन काडतुसं नळीत होती आणि प्रत्येकामागे सलीलचा डोळा असणार होता.

"हे कुणी तोललं?" डेक्लननं विचारलं.

कर्णिकांच्या मनात आधी क्लबचा काटा आला, मग डेक्लन, मग सलीलची घाई. त्यांतलं कुणीच पुरं पडेना.

"मी," ते म्हणाले. "तुझा काटा बरोबर होता. मी त्यावर टॅग बांधलाय, तो काढतो."

"टॅग?" डेक्लन म्हणाला.

उरलेली नऊही काडतुसं त्यांनी गोळी उपटायच्या खास पोकळ हातोडीत घालून ठोकून उघडली. डेक्लननं कर्णिकांना काडतुसं भरण्याची क्लबची परीक्षा पुन्हा दिल्याशिवाय खोलीत यायची बंदी केली. ती सगळ्यांना लागू होते का, हे त्यांनी विचारलं नाही. सलीलच्या उजव्या गालावर काळी भुकटी उडाली होती. कर्णिकांनी आपला रुमाल ओला करून त्याला दिला.

सुटलेली पावडर क्लबच्या नियमाप्रमाणे नष्ट केली. डब्याचे कर्णिकांच्या वाट्याचे एकतीस युरो वीस सेंट सलीलला अजून द्यायचे आहेत.