दोन पिवळी कार्डं आणि हिंगणीची वाट

सकाळी साडेसातला वर्धा स्टेशनवर उतरले तेव्हा एका हातात बॅग होती, दुसऱ्या हातात बाळाच्या दुपट्यांची पिशवी होती आणि पोटात गोळा आला होता. नात बघायला निघालेल्या आजीच्या पोटात गोळा कशाला, असं तुम्ही म्हणाल. ते आधी सांगून टाकते, कारण पुढच्या चार दिवसांत मी जे पाहिलं ते सगळं या गोळ्याच्या आडूनच पाहिलं.

माझा मुलगा निखिल पुण्यात नोकरी करतो. सून अश्विनी हिंगणीची, बोर धरणाजवळच्या गावातल्या गोंड कुटुंबातली. लग्नाच्या बोलणीच्या दिवशी तिच्या वडिलांनी पत्रिकेच्या जागी एक पिवळं कार्ड पानाच्या तबकात ठेवलं होतं. सिकलसेल नावाचा रक्ताचा आजार आहे. त्यात रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांमध्ये अडकतात. आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा दोन्ही जनुकांत दोष आला तर आजार होतो, त्याचं कार्ड लाल. एकातच आला तर माणूस नुसता वाहक, त्याचं कार्ड पिवळं. अश्विनी वाहक होती आणि तिच्या माणसांनी ते लपवलं नव्हतं.

मी एकतीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं आहे. त्या दिवशी मी सगळ्यांसमोर छान व्याख्यान दिलं. वाहक म्हणजे आजारी नव्हे, दोघंही वाहक असतील तरच काळजी, वगैरे. मग निखिलची तपासणी? ती कशाला, आमच्या घरात हे असण्याचं कारणच नाही, असं मीच म्हणाले. माझे वडील याच वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूरचे होते, विशीत पुण्याला आले आणि परत कधी गेले नाहीत, हे मला तेव्हा आठवलंच नाही.

सातव्या महिन्यात अश्विनी बाळंतपणासाठी माहेरी गेली. तिथल्या डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो नवऱ्याच्या तपासणीचा. निखिलनं रक्त दिलं आणि त्याचंही कार्ड पिवळं निघालं. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता चारांत एक. नात झाली, तिचं नाव सई ठेवलं, तिच्या टाचेतून रक्त घेऊन तपासायला पाठवलं. सई अडीच महिन्यांची झाली होती आणि येत्या गुरुवारी सेलूच्या दवाखान्यात तिचा रिपोर्ट मिळणार होता. निखिलला रजा नव्हती. म्हणून मी निघाले.

वर्ध्याहून सेलूच्या एसटीत बसले. सेलूला बस बदलून हिंगणी, इतका सोपा रस्ता. पण पवनार आलं आणि मी चक्क उतरून गेले. घाबरट माणूस जमेल तिथे वेळ काढतो. धाम नदीच्या काठावर जाऊन बसले. पाणी निवळ होतं, खडकांवर बायका कपडे धूत होत्या, पलीकडे आश्रमाची झाडं शांत उभी होती. एरवी मी यावर पानभर लिहिलं असतं. त्या दिवशी मला दिसली ती खडकाच्या खळग्यात साठलेली डबकी आणि त्यात वळवळणाऱ्या डासांच्या अळ्या.

वर फाट्यावर चहा घेतला. टपरीवाल्यानं बॅगेकडे पाहून विचारलं, "कुठं जाऊन राह्यल्या बाई?"

"हिंगणीला."

"मंग इथं काऊन उतरल्या? हिंगणीची गाडी सेलूवरून भेटते."

मी म्हटलं, चुकून उतरले. त्यानं पुढची बस हात दाखवून थांबवली आणि माझी बॅग स्वतः वर चढवली. त्याच्या भलेपणाचा मला रागच आला.

सेलूच्या पुढे दोन्ही बाजूंना कपाशी होती, खालची बोंडं नुकती फुटायला लागलेली. सोयाबीन निघून गेलेल्या वावरात (शेतात) बगळे फिरत होते. मग सागाची झाडं दाट होत गेली आणि दुपारी दीडला हिंगणी आली. स्टँडवर अश्विनीची आई, पुष्पाताई, उन्हात उभ्या होत्या. त्या अकरापासून तिथे उभ्या असल्याचं मागाहून कळलं.

घर मातीनं सारवलेलं, स्वच्छ. अश्विनीनं सईला माझ्यापुढे धरलं. मी काय केलं असेल? तिचं नाक बघितलं नाही, जावळ बघितलं नाही. मी तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग बघितला, पिवळा आहे का ते. नखं बघितली, फिकी आहेत का ते. मग "प्रवासाचे हात आहेत, नंतर घेते," असं म्हणून मोरीकडे गेले.

जेवायला ज्वारीची भाकरी, बरबटीची (चवळीच्या कोवळ्या शेंगांची) भाजी आणि वरून भरपूर सांबार (कोथिंबीर) घातलेलं वरण होतं. पुष्पाताई वाढत होत्या, पण त्यांचं लक्ष माझ्या चेहऱ्याकडे होतं.

"परतीचं तिकीट कवाचं हाय?" त्यांनी विचारलं.

"शुक्रवारचं."

"एकलीचंच काढलं?"

"हो, एकटीचंच." त्या वाढता वाढता थांबल्या, मग आणखी एक भाकरी माझ्या ताटात टाकून आत गेल्या.

थोड्या वेळानं बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "जवाईबापूचं बी कार्ड पिवळं निघालं, तवा मले तं बरंच वाटलं. म्हटलं, आता कोनी कोनाले नावं ठेवाले नको."

दोघांची कार्डं पिवळी निघाली हेच साऱ्या घाबरण्याचं मूळ, आणि या बाईंना त्याचंच बरं वाटलं होतं. मी मनात म्हटलं, काय हे अज्ञान.

दुसऱ्या दिवशी सकाळी अश्विनीचे आजोबा मला धरण दाखवायला घेऊन निघाले. वय ऐंशीच्या पुढे, पण चाल अशी की मलाच धाप लागली. निघण्यापूर्वी मी हातापायांना डासांचं मलम चोपडलं होतं. त्या वासानं ते हसले. वाटेत जंगलखात्याची पाटी होती, वाघाचं चित्र काढलेली. मी थबकले.

"वाघाले भेता का?" त्यांनी विचारलं.

"त्याहून उद्याच्या कागदाला भिते."

"बराबर हाय. वाघ दिसून तं येते."

धरण काठोकाठ भरलं होतं. पाण्यावरून गार वारा येत होता. आम्ही बांधाजवळ बसलो आणि आजोबा आपल्या वडिलांच्या वेळचं सांगू लागले. "तवा जंगलात कूप निघे (लाकूडतोडीचं काम निघे). ठेकेदार बाहेरून मजूर आने. पावसाळा सरला का हिवताप. त्याहिची मानसं पटापट जात. आमची मानसं बी फनफनत, पन लय जन उठून बसत. ठेकेदार विचारे, तुमी कोनती मुळी खाता?"

"मग काय सांगायचे?"

"काय सांगाव? देव राखते म्हनत. पन आमची बी काही लेकरं जात. हातपाय दुखू दुखू. माही लहान बहीन तशीच गेली. आई म्हने नजर लागली."

मी हेच दर वर्षी दहावीच्या वर्गाला शिकवत आले होते. माणसं एकसारखी नसतात, जनुकांत बारीकसारीक फरक असतात. ज्यांच्या रक्तात या दोषाचं एकच जनुक असतं, त्यांना हिवताप होतो, पण बहुधा जीव घेण्याइतका चढत नाही. ती माणसं वाचतात, त्यांना मुलं होतात, ते जनुक पुढे जातं. हिवतापाच्या प्रदेशात पिढ्यान् पिढ्या असं होत राहिलं की ते जनुक त्या समूहात टिकून राहतं. पण त्याच समूहात काही मुलांना ते दोन्हीकडून मिळतं आणि ती लहानपणीच जातात. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात. मी फळ्यावर चार चौकोन काढायचे, एक पांढरा, दोन पिवळे, एक लाल, आणि म्हणायचे, बघा, निसर्गानं किती सुरेख तोल साधला आहे. मुलं वहीत उतरवून घ्यायची.

आजोबांची बहीण तो लाल चौकोन होती. निसर्ग समूहाचा हिशेब सांभाळतो, त्याला एकेका लेकराचं काही घेणंदेणं नसतं, आणि मी घाबरले होते ते एका लेकरासाठी. परत येताना मीच आजोबांच्या पुढे चालत होते. आजोबांना वाटलं, मी वाघाच्या भीतीनं घाई करते आहे.

गुरुवारी सकाळच्या बसनं मी आणि पुष्पाताई सेलूला निघालो. अश्विनी बाळाला घेऊन घरीच थांबली. बस अर्ध्या वाटेवर आली तेव्हा पुष्पाताईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि म्हणाल्या, "इहीनबाई (विहीणबाई), एक विचारू? रागवू नका."

"विचारा ना."

"कार्ड लाल निघालं, तं तुमी पोरीले आन लेकराले इथंच ठेवान का?"

"असं का वाटलं तुम्हाला?"

"तिकीट एकलीचं हाय तुमचं. आन आल्यापासून लेकराले मांडीवर घेतलं नाई तुमी. पोरगी दोन राती झोपली नाई. आमच्या गावात पिवळ्या कार्डाच्या पोरी माघारी पाठवल्या हाय लोकायनं. म्हून तं जवाईबापूचं कार्ड पिवळं निघालं तवा मले बरं वाटलं. वाटलं, आता हिले कोनी माघारी पाठवनार नाई."

मला लाज वाटली. तीन दिवस मी माझ्याच भीतीला कुरवाळत बसले होते आणि ते सगळं घर मला भीत होतं. त्यांच्या लेखी कागद नंतरचा, आधी मी. त्यांना नाही म्हणायला मी तोंड उघडलं, पण तेवढ्यात सेलू आलं.

दवाखान्यात गर्दी होती. समुपदेशन करणारी मुलगी माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची होती. तिनं आम्हाला बसवलं, पाणी दिलं, आणि ती पाणी देते आहे हे बघताच मला कळलं. सईचं कार्ड लाल होतं.

ती सावकाश सांगत होती. जन्माच्या वेळचं रक्त बाळाला पहिले काही महिने सांभाळतं, तेवढ्यात औषधं सुरू करायची, लसी चुकवायच्या नाहीत, ताप आला तर एक तासही घरी थांबायचं नाही, पाणी भरपूर, थंडीपासून जपायचं. आता ही मुलं मोठी होतात, शिकतात, नोकऱ्या करतात, असंही म्हणाली. पुष्पाताई खाली मान घालून बसल्या होत्या, गुन्हा कबूल करायला आणल्यासारख्या.

मी बोट पुढे केलं. "माझंही तपासा."

"आजी, तुमच्या वयाला आता..."

"तपास बाळा."

तिनं बोटाला सुई टोचली आणि काचेच्या छोट्या नळीतल्या औषधात थेंब टाकला. नळीमागे रेघा मारलेला कागद धरतात. रेघा दिसल्या तर ठीक. पाच मिनिटं आम्ही तिघी त्या नळीकडे बघत होतो. नळी गढूळ होत गेली आणि रेघा दिसेनाशा झाल्या. पक्का रिपोर्ट मागून येईल, पण तुम्ही वाहक असणार, असं ती म्हणाली.

"हे काय झालं?" पुष्पाताईंनी हळूच विचारलं.

"निखिलला हे मी दिलंय, पुष्पाताई. मला माझ्या वडिलांनी, समुद्रपूरहून. तुम्ही तर पोरीचं कार्ड तबकात ठेवलं होतंत. मी इतकी शिकलेली, मी स्वतःचं रक्त बघितलं नाही आणि मुलालाही बघू दिलं नाही. चूक तुमची नाही, माझी आहे."

माझ्या बोटावरचा कापूस निसटला होता, तो पुष्पाताईंनी पुन्हा दाबून धरला. रक्त थांबलं होतं तरी त्यांनी बोट सोडलं नाही.

हिंगणीला पोहोचताच मी हातपाय धुतले आणि अश्विनीच्या मांडीवरून सईला उचललं. अश्विनीनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला रिपोर्ट कळला. ती रडली नाही. "आई, आम्ही कधी यायचं?" एवढंच तिनं विचारलं. माझ्याबरोबर, उद्याच, असं म्हटल्यावर मात्र ती भिंतीला टेकून खूप वेळ रडली. निखिलला फोन केला. तो म्हणाला, तिकिटं मी बघतो.

शुक्रवारी दुपारी आमची गाडी वर्ध्याहून सुटली. औषधांची पिशवी मी मांडीवर घेऊन बसले होते. धामणगाव येईपर्यंत मी सईच्या कपाळाला सात वेळा हात लावून पाहिला. भीती गेली आहे असं मी तुम्हाला सांगणार नाही. ती आता रोजची आहे, प्रत्येक शिंकेला आणि प्रत्येक गार वाऱ्याला ती माझ्यासोबत असणार आहे. इतकी वर्षं मी तो तोल सुरेख म्हणत आले. तो साधताना जे लेकरू खर्ची पडतं, ते आता माझ्या शेजारी दुपट्यात झोपलं होतं, आणि त्याला खर्ची पडू न देणं हेच निखिल, अश्विनी आणि मी, आमच्या तिघांचं काम होतं.

समोरच्या बाकावर अमरावतीला जाणाऱ्या एक बाई बसल्या होत्या. सई जागी झाली तशा त्या कौतुकानं पुढे वाकल्या. आधी त्यांनी अश्विनीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"गोड हाय पोरगी," त्या म्हणाल्या. "कोनावर गेली?"

अश्विनी घाबरून खिडकीबाहेर बघायला लागली.

"माझ्यावर," मी म्हटलं, आणि सईला जवळ घेतलं.