भावोजींचं चालणं

भिवंडीत आळशी माणसांना तोटा नाही, पण स्वतःच्या पायांना आमच्या भावोजींइतकी विश्रांती आजवर कुणी दिली नसेल. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, जवळच्या वळ गावातल्या एका मोठ्या गोदामात माल रवाना करणाऱ्या विभागाचे प्रमुख. धामणकर नाक्यावर नुसता रस्ता ओलांडायचा झाला तरी ते रिक्षाला हात करतात. रिक्षावाला "साब, सामने ही तो है" म्हणाला, की "मग जवळच हाय ना, तुझं काय जातंय?" असं त्यालाच समजावतात. गोदामाच्या दारापासून टेबलापर्यंत माल वाहायच्या ट्रॉलीवर बसून जातात. डॉक्टरांच्या सांगण्यावरून ताईने एकदा त्यांना सकाळी फिरायला पिटाळलं, तर कोपऱ्यावरच्या टपरीत दोन चहा घेऊन, कपाळाला नळाचं पाणी लावून हे घामाघूम परत आले.

हात मात्र पायांच्या अगदी उलट, देण्यासाठी सदा पुढे. डबा उघडला की आधी हमालांना वाढणार, उरलं तर स्वतः जेवणार. माझ्या लग्नात त्यांनी अंगावरचा नवा कोट काढून एका बँडवाल्याला दिला, कारण त्याचा फार विटका होता. माझ्या लग्नाच्या सगळ्या फोटोंत नवरदेवापेक्षा तो बँडवालाच रुबाबदार दिसतो. ताई अजून त्या कोटाचं नाव काढते आणि भावोजी अजून म्हणतात, "पण त्याला शोभत व्हता की न्हाय?"

तर अशा माणसाच्या मनगटावर कंपनीने पावलं मोजणारा पट्टा बांधला. आरोग्य महिना होता. कर्मचाऱ्यांनी भरपूर चालायचं आणि जो विभाग सगळ्यात जास्त चालेल त्याच्या नावाने कंपनी गरजूंना कृत्रिम पाय बसवून देणार. पट्टे फक्त कायम नोकरीवाल्यांना, म्हणजे खुर्चीत बसणाऱ्यांना. दिवसभर पाठीवर गठ्ठे घेऊन चालणारे हमाल कंत्राटी, त्यांची पावलं धरायची नव्हती. "आपल्या आळसापायी कुनाचा पाय राहायला नको," म्हणत भावोजी सुरुवातीला खरोखरच चालले. मग पोटऱ्या धरल्या. तेव्हा ते निजामपुऱ्यातल्या एका दोस्ताच्या लूमच्या कारखान्यात जाऊन बसले आणि मागाची जी फळी सारखी पुढेमागे आपटत असते, तिला पट्टा बांधून आले. पट्ट्याची पावलं ज्याच्यातून कंपनीला कळायची, तो फोनही तिथेच खिळ्याला टांगला.

मला त्यांनी हा प्रकार मोठ्या कौतुकाने दाखवायला नेलं. त्या खडखडाटात माझ्या कानाशी ओरडले, "पाय कुनाचेबी असू दे, पुण्य तर खरं हाय!" मी पोट धरून हसलो. ऑफिसात कुणी विचारलं, पट्टा कुठे, तर "पायाला बांधलाय, चालनं पायाचंच ना?" असं उत्तर ठरलेलं. एकदा आरोग्य महिन्याच्या मॅडमनी काळजीने विचारलं, "काल दुपारी तुमचं चालणं एकदम थांबलं होतं, बरं नव्हतं का?" हे सांगून मोकळे, "लाईट गेली व्हती, मॅडम." शुक्रवारी कारखाना बंद, म्हणून त्या दिवशी भावोजींचं चालणंही बंद. मॅडमना वाटलं, शुक्रवारचा कडक उपास असेल.

भावोजींचा विभाग पहिला आला. गोदामातच छोटा समारंभ झाला, त्याला भावोजींनी मलाही नेलं. साखरेच्या दुखण्यात गुडघ्याखाली पाय गमावलेले एक म्हातारे विणकर चाचा नव्या पायावर, एकेक पाऊल चाचपत पुढे आले. त्यांनी भावोजींचे हात स्वतःच्या डोळ्यांना लावले. "साहब, आप इतना चले, तब जाके मैं चल रहा हूँ."

टाळ्या पडत होत्या आणि भावोजी कुठे बघावं ते न कळून माझ्याकडे बघत होते. मला बसल्या जागी मेल्याहून मेल्यासारखं झालं. कार्यक्रम संपल्यावर ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "सांगून टाकू का रे?"

"नोकरी जाईल, भावोजी."

"नोकरीचं सोड. त्यांनी चाचांचा पाय काढून घेतला तर?"

कबूल करून मोकळं व्हायचीसुद्धा सोय राहिली नव्हती. भावोजी गप्प राहिले, मीही राहिलो.

चाचांना डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. सोबतीला त्यांनी साहजिकच भिवंडीतला सगळ्यात मोठा चालणारा माणूस निवडला. सकाळी सकाळी ते भावोजींच्या दाराशी हजर होतात आणि नाही म्हणायचं भावोजींना तोंड नाही. अधूनमधून मीही बरोबर जातो. गल्ली संपायच्या आतच भावोजींना धाप लागते. चाचा चार पावलं पुढे गेलेले असतात. ते थांबतात, मागे वळून बघतात आणि ओशाळून म्हणतात, "साहब, मेरे वास्ते इतना धीरे मत चलो. शरम आती है."

"न्हाय चाचा, तसं काय न्हाय," एवढंच भावोजी म्हणतात. मी दुसरीकडे बघतो.