दोन ध्रुवांची चादर

तर काल कुठं थांबलो होतो? हां! शंकरप्पा चादरींच्या गठ्ठ्यावर मांडी घालून बसला आणि आमचे मालक कमलाकरशेठ त्याच्या अंगावर खेकसत होते.

साल त्र्याहत्तर. सोलापुरातल्या त्या कारखान्यात मी मागासाठी सुताच्या कांड्या भरायचो. शंकरप्पा अक्कलकोटकडचा, नक्षीवाला. चौकटींच्या कागदावर तो नक्षी रंगवायचा, तिच्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची, आणि माग त्या भोकांप्रमाणं विणायचा.

गड्याला नाद एकच, चांदण्यांची यादी! आदल्या साली दुष्काळ, पावसाळाभर आभाळ कोरडं. सांज झाली की हा गच्चीवर. प्रत्येक चांदणीला चौकट, नंबर आणि तेज, एक ते पाच. अशा अकराशे बेचाळीस वहीत नोंदल्या. सूत सोडवणारी केराबाई खालून ओरडायची, "अरं मुडद्या, लोक ढग हुडकत्यात अन् तू चांदण्या मोजतुयास! तुझ्याच नजरंनं पाऊस पळाला!" एकदा तर कुणीतरी वहीची पानं फाडून चुलीत घातली. यानं गच्चीवर जाऊन परत मोजल्या.

ती वही एका मास्तरांनी बघितली आणि शाळांच्या भिंतींवर लावायला आभाळाच्या चाळीस चादरी सांगितल्या. शंकरप्पा नक्षी काढून देऊन लग्नाला गावी गेला. मागं शेठनी खर्च वाचवायला पट्ट्या निम्म्याच पाडून घेतल्या. फुलांच्या चादरीला आम्ही नेहमी तेच करायचो की! वरची अर्धी विणायची, मग त्याच पट्ट्या उलट्या फिरवायच्या, खालची अर्धी आपोआप तयार. फुलाचं खपतं हो. पण इथं वर ध्रुव, खाली ध्रुव! सप्तर्षी दोनदा, आणि खालच्या, दक्षिणेकडच्या वृश्चिकाचा पत्ताच नाही. मला तर हसू आवरेना.

शंकरप्पा परतला तेव्हा गठ्ठे बांधून झालेले, हातगाडी दारात. एक चादर उलगडून बघितली, आणि बसला की गठ्ठ्यावर!

"ऊठ! दोन्ही बाजू सारख्या आल्यात. उलट शोभा वाढलीय."

"शोभा तुमच्या चादरीला, मालक. आभाळाला न्हाई."

"आभाळात चढून कोण ताडून बघणार हाय रे?"

"डोळं असलेला कुणीबी."

माग थांबले. सगळे गोळा झाले, आणि एकही जण त्याच्या बाजूचा नाही. केराबाई तर म्हणाली, "उचलून टाका की भाईर!"

शेठ लाल झाले. "अडेलतट्टू! शाळेतल्या पोरांना काय डोंबल कळतंय? ऊठ, नाहीतर आजपासून तुझं काम बंद!"

मला वाटलं, आता शंकरप्पा हात उगारतोय. पण त्यानं नुसती मांडी बदलली आणि म्हणाला, "करा की बंद. पर ही चादर भिताडाला लागली, तर पोरं दुसरा ध्रुव हुडकत बसतील, अन् त्यो त्यास्नी घावायचा न्हाई. तवा आभाळ चुकलं म्हनून सांगायला तुमी जानार हाय का?"